कारण क्रमांक चार : माहेरी

शुक्रवार, ५ सप्टेंबर

एका बैठकीत अभ्यासाचे सात फॉर्म बंद केले. पाठ मोडून आली, पण टेबल रिकामं झालं. मंगळवारी पुण्याहून तपासनीस बाई येणार. त्यांना रिकामा चौकोन दिसला की त्या पिवळी चिठ्ठी चिकटवतात, आणि पिवळी चिठ्ठी दिसली की आमच्या डॉक्टर मॅडमचा चेहरा उतरतो.

गौरी-गणपतीच्या आठवड्यात सात गरोदर बायकांनी तपासणीला दांडी मारली. मारणारच. दारात गौरी उभी आणि ही बया रक्त द्यायला दवाखान्यात येईल होय? सातवा-आठवा महिना, त्यात सण. 'भेट चुकण्याचे कारण' या रकान्यात सातही जणींना क्र. ४ ची टिक मारली : माहेरी.

फोन करायचे होते, नियम तसा आहे. दोन दिवसांत फोन. नाही उचलला तर क्र. ५, संपर्क नाही. मग आशाताईला घरी पाठवायचं. चार टाकलं की हे काहीच करावं लागत नाही. माहेरी गेलेल्या बाईला आपण थेट बाळंत झाल्यावर गाठतो. तीन फोन केले, तिन्हीकडे मागं आरती चाललेली, 'व्हय सिस्टर, आईकडं हाय.' उरलेल्या चौघींचं काय वेगळं असणार? नाही केले.

उद्या विसर्जन. पाय चेपून द्यायला कुणी तयार असतं तर बरं झालं असतं.

बुधवार, १० सप्टें.

तपासनीस बाई खूश होऊन गेल्या. एक पिवळी चिठ्ठी नाही! मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'फॉर्म कसे भरायचे ते सिस्टरांकडून शिका.' मी आपलं 'कशाचं काय' म्हटलं. आतून सुखावले, खोटं कशाला बोलू. लेबर रूममध्ये वीस वर्षं काढली, तिथं कुणी असं म्हटलं नव्हतं.

मॅडमनी पाहुण्या बाईंना पडद्यावर परत सगळं दाखवलं. गरोदरपणात काहींचं बी.पी. एकाएकी चढतं, झटके येतात, आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. त्याची चाहूल रक्तात काही आठवडे आधी लागते का, ते आम्ही या अभ्यासात शोधतोय. तीन वर्षं ऐकतेय, पण दर वेळी बरं वाटतं. झटक्यानं गेलेली एक बाई अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, तिची वेणी, पायातले पैंजण, सगळं. तिच्यामुळेच मी लेबर रूम सोडून इकडे आले.

सोमवार, १५ सप्टें.

११७ आली. झटका येऊनच.

रिक्षातून उतरवली तेव्हा दातांत जीभ. बी.पी. १८०/१२०. लघवीत प्रोटीन नको तेवढं. झटके थांबवायला मॅग्नेशियम चालू केलं, दीड तासात सिझर. बत्तिसावा आठवडा. मुलगी, तेराशे ग्रॅम, थेट काचेच्या पेटीत. रडली म्हणे, बारीक.

अभ्यासातली ११७ म्हणजे गडमुडशिंगीची रेश्मा. चोवीस वर्षांची, पहिलटकरीण. नवरा अजित, फौंड्रीत कामाला. त्याच्या हातात आमचं निळं कार्ड होतं, नाव नोंदवताना मी दिलेलं, घामानं भिजलेलं. 'सिस्टर, सकाळपास्नं डोळ्यापुढं अंधारी येतीया म्हणत हुती. मग हातपाय वाकडं झालं बगा. ह्ये कार्ड तेवढं घावलं, म्हणून दुसरीकडं कुठं न नेता हिकडंच आणली.'

मी त्याच्या पाठीवर हात ठेवून 'बरं केलंत' म्हटलं. तेव्हा मला काही आठवलं नव्हतं. परतताना बसमध्ये आठवलं, सात फॉर्ममधला एक हिचा होता. कळंब्याच्या स्टॉपवर उतरायचं राहिलं, पुढं जाऊन मागं चालत आले.

मंगळवार, १६ सप्टें.

फाईल काढली. २ सप्टेंबरला तिची तिसाव्या आठवड्याची तपासणी होती. आली नाही. कारण क्र. ४. खाली माझी सही, ऐटीत काढलेली.

मग पहिलं पान उलटलं. नको होतं उलटायला. एप्रिलअखेर नाव नोंदवताना विचारलेलं, 'बाळंतपण कुठे होणार?' त्यापुढे माझ्याच अक्षरात : 'सासरीच. माहेर नाही.'

सगळं आठवलं. मी म्हटलं होतं, 'पहिलं बाळंतपण सासरी?' ती हसत म्हणाली होती, 'मला म्हायेर न्हाय सिस्टर.' उचगावची मुलगी, घरची शेती, म्हशी. अजित बौद्ध, ही मराठ्यांची. लग्न केलं तसं तिच्या वडिलांनी तिच्या नावानं आंघोळ केली. उचगाव ते गडमुडशिंगी अंतर ते केवढं, पण दोन वर्षांत कुणी उंबरा ओलांडलेला नाही. हे सगळं मला माहीत होतं. मीच तिच्याशी बोलून, तिला चहा पाजून लिहिलं होतं.

झटका म्हणजे गंभीर घटना. तिचा अहवाल चोवीस तासांत पाठवावा लागतो. त्यात रकाना : 'आधीची भेट चुकली असल्यास कारण.' पेन हातात धरून बसले. आधीच्या कागदाशी जुळायला हवं, असं स्वतःला सांगितलं आणि लिहिलं, '४. माहेरी.' मॅडमनी सही केली, अहवाल गेला.

पाच तारखेला आळस होता. आज आळस नव्हता, आज मी घाबरून खोटं लिहिलं. काय बाई आहे मी.

शुक्रवार, १९ सप्टें.

रेश्मा शुद्धीवर आहे. बी.पी. गोळ्यांवर १५०/१००. नजर अजून धुरकट, लघवी सुधारतेय. मी दोन दिवस तिकडं फिरकले नव्हते, कामं काढून काढून टाळलं. आज मॅडमनीच पाठवलं.

तिनं आधी बाळाचं विचारलं. मी सांगितलं, नळीनं दूध पचतंय. मग आपणहून सांगायला लागली, मी विचारलंही नव्हतं. 'गौरीच्या टायमाला डोकं लई चढलंतं, सिस्टर. रिक्षात बसवंना, म्हणून आले न्हाई तपासायला. म्हटलं, तुमचा फोन येतोय की, तवा सांगू. मागं एकदा चुकले तर दुसऱ्याच दिवशी आलता न्हवं का तुमचा?'

'मग?'

'मग न्हाईच आला. म्हटलं, म्हंजे काळजीचं काय नसंल. असतं तर तुमी सोडला असता व्हय?'

माझा न आलेला फोन हा तिनं निरोप धरला, सगळं ठीक असल्याचा. तेरा दिवस ती डोक्याला फडकं बांधून स्वयंपाक करत होती. मी काय बोलले? 'पाणी पी, फार बोलू नकोस' म्हणाले. बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. कुणी बघू नये म्हणून तोंडाला पदर लावला, तेवढं भान होतं.

रविवार, २१ सप्टें.

ह्यांना सांगितलं. आधी पेपर बाजूला ठेवेनात, मग ठेवला. म्हणाले, 'बी.पी. काय फोन केल्यानं उतरतं होय? एखादीचं दोन दिवसांत चढतं, तूच सांगतेस.'

खरंय. मी स्वतः पाहिलंय. दोन तारखेला ती आली असती तर बी.पी. कदाचित नॉर्मलही निघालं असतं. पण डोकं दुखतंय म्हटल्यावर मी तिला हलू दिलं नसतं, हेही खरंय. मला कुणी माझी बाजू घेतलेली नको आहे, आणि नाही घेतली तर तेही सोसणार नाही.

'नोकरी जाईल का?' हे म्हणाले. जाईल बहुतेक. या वयात परत रात्रपाळीला कोण घेणार मला?

सोमवार, २२ सप्टें.

फोन न केलेल्या चौघींतल्या उरलेल्या तिघींना फोन केले. हे मी सोळा तारखेलाच करायला हवं होतं, सहा दिवस स्वतःचंच कुरवाळत बसले. दोघी खरंच माहेरी, मजेत. तिसरी सासरीच होती, कंदलगावला. 'पाय सुजल्यात जरा. सगळ्यांचंच सुजत्यात म्हणं.' म्हटलं, आत्ताच्या आत्ता निघ. आली. १४६/९६. ॲडमिट केली.

मॅडमनी विचारलं, 'ही तर माहेरी होती ना?' मी म्हटलं, 'परत आली.' तिसरं खोटं. आता तोंडात तयारच असतं.

बुधवार, २४ सप्टें.

आज हद्द झाली.

रेश्मा वॉर्डात आली आहे. तिची सासू, शांतामावशी, डबा घेऊन बसलेली. वाळकी, काटक बाई, लोकांच्या शेतात तण काढायला, भांगलणीला जाते. मला बघितल्यावर उठली आणि पिशवीतून साडी काढली. मोरपंखी, घडीची. 'नगं म्हणायचं न्हाई. तुमी कार्ड दिलं नसतं तर आमची पोरगी आन नात दोनी गेल्या असत्या. हिला म्हायेर न्हाय. आता तुमीच हिचं म्हायेर, सिस्टर.' आजूबाजूच्या खाटांवरच्या बायकाही बघायला लागल्या. रेश्मा हसत होती.

मी म्हटलं, 'घेता येत नाही मावशी, पेशंटकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे.' नियम! मला आत्ता आठवला नियम.

साडी तशीच ठेवून मी निघाले. मावशी मागून ओरडून सांगत होती, 'बारशाला नेसून यायचं हाय!' उद्या-परवा सांगायचं. आता नाही सहन होत.

शुक्रवार, २६ सप्टें.

सांगितलं मॅडमना. दार लावून घेतलं आणि उभ्यानंच सांगून टाकलं. सात फॉर्म, चार न केलेले फोन, अहवालातलं, सोमवारचं कंदलगावचं. मॅडमनी चष्मा काढून ठेवला.

'अहवालात लिहिलंत तेव्हा माहीत होतं तुम्हाला?'

'हो.'

'पहिलं पान बघून झालं होतं?'

'हो.'

मला वाटलं ओरडतील, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, 'सणाच्या आठवड्यात सातच्या सात कारणं एकसारखी, आणि मी विचारलं नाही. उलट कौतुक केलं. माझीही सही आहे त्यावर.' फाईल माझ्यापुढं सरकवली. जुनं गिरवायचं नाही, खोडरबर नाही. एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं कारण, सही, आजची तारीख. लिहिलं : 'संपर्क केला नाही.' रेघ वाकडी आली.

मॅडम अभ्यासावर लक्ष ठेवणाऱ्या नीतिसमितीला कळवणार. तोवर फॉर्म माझ्याकडून काढून घेतलेत. 'आणि रेश्माला?' मी विचारलं. 'समितीशी बोलू दे. मग आपण दोघी जाऊ. तुम्ही बोलायचं, मी शेजारी उभी राहीन.'

मंगळवार, ३० सप्टें.

समितीनं सांगितलं, पेशंटला सगळं सांगा. दुपारी गेलो.

रेश्मा वाटीत दूध काढत होती, बाळाला द्यायला. मावशी शेजारी. मॅडमनी पडदा ओढला. मी पाठ करून गेले होते, त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. एवढंच म्हटलं, 'रेश्मा, दोन तारखेला तू आली नाहीस तेव्हा मी फोन करायला हवा होता. केला नाही. माहेरी गेली असशील असं धरून कागदावर तसं लिहून टाकलं. नंतर कळलं, तरी तेच लिहिलं. माझी चूक आहे.'

मावशीला आधी समजलंच नाही. 'म्हंजे? फोन केलाच न्हाई तुमी?' मग आवाज चढला. 'पोरगी डोकं धरून बसलीती, आन तुमी बसल्या जागी लिवलासा? आन वर आमी तुमास्नी लुगडं आणलं!' सगळा वॉर्ड ऐकत होता. बरोबर बोलत होती ती. मी खाली बघत उभी राहिले.

रेश्मानं वाटी झाकून ठेवली. 'कागदात मी कुठं हुते म्हणालासा?'

'माहेरी.'

'उचगावात.'

'हो.'

'तेरा दिस.' ती हसली, पण ते हसणं मला बघवेना. 'बरी सोय केलीसा की.'

मॅडम म्हणाल्या, तुला अभ्यासातून नाव काढता येईल, रक्ताचे ठेवलेले नमुनेही आम्ही नष्ट करू, तक्रार करायची तर कुठं करायची तेही लिहून देते. रेश्मा ऐकत होती का कोण जाणे. म्हणाली, 'त्ये मागनं बगू. त्यो कागद द्या मला.' स्वतःच्या कागदाची प्रत मिळायचा तिला हक्क आहे, मॅडमनी सांगितलं. 'मग झेरॉक्स द्या. आन सिस्टर, ती तुमी उचगावला माज्या आईला नेऊन द्या. अजितला दारात उभं करून घ्यायचं न्हाईत. तुमी जावा.'

मावशी म्हणाली, 'कशाला गं? काय उपेग हाय?' रेश्मानं वाटी परत पुढं ओढली.

बुधवार, १ ऑक्टो.

मॅडमनी रेश्माची लेखी परवानगी घेतली, तेव्हा झेरॉक्स हातात मिळाली. 'जायलाच पाहिजे असं नाही' असंही म्हणाल्या. रेश्मानं मला एवढंच सांगितलं आहे, जा. का, ते मी विचारलं नाही. विचारायचं तोंड आहे का मला?

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

सकाळीच गेले. उचगावात घर सापडायला वेळ लागला नाही. आई पुढच्या सोप्यात, दाराशीच, झेंडूची तोरणं ओवत बसलेली. कपाळ रेश्माचंच. मी दवाखान्याचं सांगितलं तशी सुई हातात धरून आतल्या दाराकडं बघितलं. 'मालक गोठ्यात हायेत. हळू बोला.'

म्हटलं, रेश्मा बाळंत झाली आहे. 'कळलंय. गावात कळलंय. पोरगी न्हवं? आज वजन किती भरलं?'

'पंधराशे साठ.'

मान हलवली. मी कागद पुढं केला. 'मला वाचाय येत न्हाई. काय हाय?'

वाचून दाखवलं. तपासणीला न येण्याचं कारण, माहेरी. मग वरची रेघ दाखवली. ही रेघ माझी, हे खोटं होतं, मी फोन न करता लिहिलं होतं, तिचं डोकं दुखत होतं. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.

बाईनं टिक मारलेल्या त्या चौकोनावर बोट ठेवलं. मग म्हणाली, 'गौरी जेवत्या दिशी आलता तिचा फोन. डोकं लई दुखतंय आई, म्हणली. मालक म्होरंच बसलंतं.' सुई झेंडूत खोचली. 'मी ठेवला.'

मला तिचा राग यायला हवा होता. कुठल्या तोंडानं येणार? गोठ्यातून बादलीचा आवाज आला तशी ती उठली. मी कागद परत घ्यायला हात पुढं केला.

'ऱ्हाऊ दे माज्याकडं,' म्हणाली, आणि घडी करून चोळीत ठेवला. दारापर्यंत आली. 'दवाखान्यात भेटायचा टाइम काय?'

चार ते सहा, मी सांगितलं. येणार का, ते ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. उद्या रेश्मा मला विचारेल.